वी ईट वीट

इंग्रजीत 'पेन' म्हणताना ओठांसमोर धरलेला कागद हलला पाहिजे, हे मला मराठीची एम.ए. झाल्यावर कळले. कळले ते मलकापुरात, भर मे महिन्यात, एका शाळेच्या पत्र्याच्या वर्गात. शब्दाच्या आरंभी 'प' आला की इंग्रज माणसाच्या ओठांतून थोडी वाफ सुटते, ती सुटली की नाही हे कागद सांगतो, असे आमच्या सरांनी समजावले आणि प्रत्येकाच्या हाती वर्तमानपत्राचा एकेक चिटोरा दिला. आम्ही चिटोरे धरले. खिडक्यांना गज होते, झडपा नव्हत्या. बाहेर झळा सुटल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर कापसाची जुनी धूळ आत येत होती. कोणी 'पेन' म्हणण्याआधीच साऱ्यांचे कागद एकदम फडफडू लागले.

सर म्हणाले, "उत्तम."

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते. राज्य नवे झाले आणि आमची बोली एकाएकी जुनी झाली. पूर्वी आमचे साहेब नागपूरहून येत आणि आमच्यासारखेच 'काऊन' म्हणून विचारत; आता ते पुण्याकडून येऊ लागले आणि 'का बरे?' म्हणू लागले. पाचवीपासून इंग्रजी शिकवायचे तर गावोगाव शिक्षक हवेत, अशी एक निकड त्याच सुमारास वर कोणालातरी जाणवली. ज्यांना इंग्रजी येत होते ते खेड्यांत शिकवायला तयार नव्हते. म्हणून ज्यांना शिकवता येत होते त्यांनाच इंग्रजी शिकवावे असे ठरले, आणि त्यासाठी हा उन्हाळी वर्ग भरला. वर्गाचा विषय होता इंग्रजीचे ध्वनी. व्याकरण नाही, धडे नाहीत, नुसते ध्वनी: जीभ कुठे टेकते, ओठ कसे होतात, घसा कधी गुणगुणतो. वर्गाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती आणि ती घेणारे सरच होते.

मी मलकापूरच्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. ध्वनींचे मला भय नव्हते. छंद आणि वृत्ते यांवर माझा कान पोसलेला होता. लघु-गुरू मला अंधारातही बोटांनी चाचपता आले असते. शिवाय 'ण' आणि 'ळ' हे दोन दागिने मी कॉलेजात असतानाच घडवून घेतले होते. आमच्या घरी पाणी नसे, पानी असे; डोळे नसत, डोये असत. कवितेच्या तासाला एकदा मी निळ्या डोळ्यांचे 'निये डोये' केले आणि सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात, बादलीत पाणी पडत असताना, 'ळ' घोटू लागले. जीभ मागे वळवून टाळ्यावरून खाली सोडायची. ओल्या दगडावरून पाय घसरावा तसा तो ध्वनी यायचा. पुढे तो इतका सवयीचा झाला की सुटीत गावी गेले की आई म्हणे, "पाहुन्यावानी नको बोलू वं."

वर्गात माझ्या शेजारी जी बसे ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. संग्रामपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात ती प्राथमिक शिक्षिका होती. नवरा तापाने गेला होता. एक मुलगी होती आणि ती त्या वर्षी चौथी पास झाली होती. गावातली शाळा चौथीवरच संपत होती, म्हणून मुलीला तिने नांदुऱ्याला आपल्या आईकडे ठेवले होते. नांदुऱ्याच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायला माणूस हवे होते. या वर्गाची परीक्षा ती पास झाली तर ती जागा तिला मिळणार होती. नाही झाली तर जूनमध्ये पुन्हा पायथ्याचे गाव, आणि पावसाळ्यात तिकडची मोटार बंद. मुलगी आजीकडे, आई डोंगराकडे. हे तिने मला पहिल्याच दिवशी, डब्यातली भाकरी मोडता मोडता, सांगून टाकले.

"मले इंग्रजीचं काई पडलं नाई," ती म्हणाली. "मले माह्या पोरीपाशी राहाचं हाये. त्याच्यासाठी मी मडम होऊन जाईन."

वर्गापुरती ती माझ्याच खोलीवर राहिली. दर रविवारी सकाळच्या गाडीने नांदुऱ्याला जाई, संध्याकाळी परत येई. येताना तिच्या पदराला मुलीच्या केसांतल्या खोबरेलाचा वास असे.

सर मुळात वाईट नव्हते. बारीक अंगाचे, शुभ्र कपड्यांचे, उकाड्याने हैराण झालेले गृहस्थ. येताना त्यांनी एक ग्रामोफोन आणला होता आणि काही तबकड्या. त्या तबकड्यांमध्ये एक खराखुरा इंग्रज होता. तो स्वच्छ, थंड आवाजात, जणू तोंडात बर्फाचा खडा धरून, एकेक शब्द उच्चारी आणि आपण म्हणावे म्हणून थांबे. आम्ही म्हणत असू. सर आम्हाला थांबवीत आणि म्हणत, "तुमचा मूळ दोष इंग्रजीत नाही. तुमचा दोष मराठीत आहे. ज्यांना 'पाणी' म्हणता येत नाही, 'शाळा' म्हणता येत नाही, त्यांच्या जिभेवर इंग्रजी कसे चढेल?" हे ऐकताना माझी मान आपोआप ताठ होई.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी फळ्यावर इंग्रजीत नसलेले ध्वनी लिहिले. आपले 'त' आणि 'ट' दोन्ही इंग्रजाकडे नाहीत. त्याची जीभ या दोहोंच्या मध्ये, वरच्या दातांमागे हिरडीची जी कड असते, तिथे टेकते. हुरडा खाताना कणसाचे कूस जिथे अडकून बसते ती ही जागा. मी जिभेने चाचपून पाहिली आणि हिवाळ्यातले एक शेत क्षणभर तोंडात आले. मग सरांनी 'ण' लिहिला आणि त्यावर काट मारली. 'ळ' लिहिला, त्यावरही काट मारली. म्हणाले, "हेही इंग्रजाला उच्चारता येत नाहीत."

माझी शेजारीण सावरून बसली. "सर, मंग तो पान्याले काय म्हनते?"

"म्हणायची वेळ आली तर 'पानी'च म्हणेल."

"अन् डोयाले?"

"'डोळा' त्याला जमणार नाही."

"म्हनजे इंग्रज आमच्याच इकडचा निंगाला!" ती म्हणाली, आणि मागच्या बाकांवरचे गुरुजी लोक टोप्या काढून हसले. "सर, याच्यात तं पुन्यावाल्याईलेच तरास हाये. आम्हाले सोडाचं काईच नाई."

सरांनी फळा पुसला. माझ्या दोन दागिन्यांचे इंग्रजीच्या बाजारात काहीच मोल नव्हते, ही गोष्ट मीही त्याच वेळी मनातून पुसून टाकली.

पण तिची आपत्ती वेगळ्याच अक्षरात दबा धरून होती. आमच्याकडे 'इ'च्या आधीचा 'व' टिकत नाही. विस्तवाचा इस्तो होतो, विहिरीची इहीर, विचाराचा इचार. भिंतीत बसवतात ती वीट आमच्या तोंडी ईट. शतकानुशतके त्या 'व'वाचून कोणाचे काही अडले नव्हते; घरे ईटांची बांधली तरी उभीच राहिली होती. आणि सरांच्या परीक्षेच्या वाक्यांमध्ये पहिलेच वाक्य होते: वी ईट वीट. आम्ही गहू खातो.

वाक्य ऐकून प्रथम मला त्याच्या अर्थाचेच नवल वाटले. आपण पोळी खातो, भाकरी खातो; नुसता गहू खातात ते उंदीर आणि किडे. आमच्या भागात तर रोज भाकरीच असे. पण ते रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू मिळण्याचे दिवस होते, त्यामुळे वाक्य म्हणता येण्याआधीच ते खरे होऊन बसले होते.

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, पदर खोचला, आणि मोठ्याने म्हणाली, "ई ईट ईट."

वर्ग हसला. तीही हसली. सर हसले नाहीत. "तिन्ही शब्द चुकले," ते म्हणाले. "ईट नव्हे, बाई, वीट. वीट म्हणा. व-व-व."

तिन्ही चुकले नव्हते. मधला बरोबर होता. पण दोन चुकांच्या मध्ये अंग चोरून बसलेला बरोबर शब्द कोणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी तो माझ्याही आला नाही.

त्या दिवसापासून सर रोज तिला उभी करीत आणि म्हणत, "ईट नव्हे, वीट." भीती माणसाला उदार करते. जिथे 'व' हवा तिथे तो देता देता ती नको तिथेही देऊ लागली. घरी येऊन इंग्रजीला 'विंग्रजी' म्हणू लागली. शाईला 'विंक' म्हणाली. एका संध्याकाळी चुलीतल्या लाकडांवर पाणी शिंपडून झाले तेव्हा दमून म्हणाली, "विस्तो विझला." मी म्हटले, "विस्तव तरी म्हण, नाहीतर इस्तो." ती म्हणाली, "आता मले काईच सुचून नाई राह्यलं वं. जीभ पाय घसरल्यावानी करते."

म्हणून आम्ही सर आणि तबकडी बाजूला ठेवली आणि चुलीपाशी बसलो. फुंकणी हातात घेतली की ओठ आपोआप गोल होतात. तसे ते गोल करायचे, फुंकर सोडायची नाही, नुसता घसा जागा करायचा आणि ओठ उघडायचे: डब्ल्यू. राखेचा ऊबदार वास, फुंकणीच्या लोखंडाची जिभेला लागलेली किंचित आंबट चव, आणि त्या गोल ओठांतून तिचा पहिला खरा 'व' बाहेर आला, ओला आणि गोल. वी. वीट. ती स्वतःच दचकली.

"अन् तो दुसरा? व्ही?"

त्यात खालच्या ओठावर वरचे दात येतात. मी ते पुस्तकी भाषेत सांगू लागले तोच तिने हात वर केला.

"समजलं. सासू बोलते अन् आपल्याले बोलता येत नाई, तवा होते ते तोंड."

आपण मराठीत दातओठ खाणे म्हणतो ते हेच. इंग्रजाने रागाच्या एका मुद्रेचे अक्षर करून ठेवले होते, आणि आमच्या बायकांना ते लग्नानंतर लगेच येत होते.

त्या चुलीपाशीच एकदा तिने वाक्य तीनदा म्हटले आणि चौथ्यांदा मध्येच थांबली. "अवं थांब. खाने म्हनजे ईटच ना? भितीतल्या ईटेवानी?"

"हो."

"मंग मी पयल्या दिवशी एक तं बरोबर म्हनलं होतं."

दोघी कितीतरी वेळ हसलो. मग ती गंभीर झाली आणि स्वच्छ म्हणाली: "वी ईट वीट." पहिल्याला फुंकणी, दुसऱ्याला माहेर, तिसऱ्याला पुन्हा फुंकणी, असे तिने स्वतःशी बांधून घेतले.

इकडे वर्गात ऊन वाढत गेले. एका दुपारी इंग्रजाची तबकडी खिडकीत राहिली आणि उन्हाने वाकली. सर चहाला गेले होते. आम्ही शहाण्यासारखी तबकडी लावली. इंग्रजाचा आवाज विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर येई, मध्येच सुटून खोल जाई, पुन्हा वर येई. सगळे गुरुजी आणि आम्ही बाया अत्यंत निष्ठेने तसेच वर गेलो आणि तसेच खाली आलो. सर परतले ते दारातच थांबले. थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता कुठे तुम्हाला सूर सापडतो आहे."

शेवटी सरांनी इंग्रजीतला सर्वांत जास्त येणारा स्वर शिकवला. त्यात जीभ काही करीत नाही, ओठ काही करीत नाहीत, सारे तोंड सैल पडून राहते आणि एक अस्पष्ट 'अ' निसटतो. जेवणानंतर लिंबाच्या सावलीत पडलेल्या माणसाला हाक मारली तर तो जे म्हणतो, ते. "आयशी अ," ती पुटपुटली. आळशाला ती आयशी म्हणे. एवढे जग जिंकलेल्या भाषेचा मुख्य स्वर आळसाचा असावा, याचे मला फार समाधान वाटले.

परीक्षा दुपारी ठेवली होती. एकेकाला आत बोलावीत, बाकीचे व्हरांड्यात. तिच्या पाठोपाठ माझा क्रमांक होता म्हणून मी खिडकीशी उभी होते. सकाळपासून एकच वाक्य ऐकून सरांचे डोळे मिटले होते. एका हातात ताडाचा पंखा होता, तो स्वतःच्या लयीत हलत होता.

ती आत गेली. पदर खोचला. ओठ गोल केले.

"वी ईट वीट."

इतके नितळ, की तबकडीतल्या इंग्रजालाही वाकण्याआधी तसे जमले नसते. मी गजाला धरलेला हात सोडला.

"ईट नव्हे, बाई," सर डोळे न उघडता म्हणाले. "वीट."

तिने ओठांवरून जीभ फिरवली. मग पुन्हा, आणखी सावकाश: "वी. ईट. वीट."

आता सरांनी डोळे उघडले. त्यांत राग नव्हता. थकवा होता आणि थोडी करुणाही. "महिनाभर मी काय सांगतो आहे? तुमच्या तोंडून ती ईट काही जात नाही. शेवटची संधी देतो. वीट म्हणा, आणि मोकळ्या व्हा."

नेमकी तेव्हाच एक मालगाडी आली. मलकापुरात मालगाडी आली की बोलणे थांबवावे लागे. डबे मोजावेत तितके थोडे, एकामागून एक, आणि पत्रे थरथरत होते. ती मान खाली घालून उभी होती. तिने एकदा खिडकीकडे पाहिले. तिला ठाऊक होते. मला ठाऊक होते. फुंकणीलाही ठाऊक होते. गाडी संपत आली तसे तिचे वरचे दात खालच्या ओठावर आले. व्हीची मुद्रा इतकी निर्दोष मी पुन्हा कधी पाहिली नाही.

गाडी गेली. ओठ सुटले, गोल झाले.

"वी वीट वीट," ती म्हणाली. आम्ही गहू गहू.

"शाब्बास!" सर म्हणाले, आणि खरोखर आनंदले. "आता कसे! पास."

त्यानंतर मी आत गेले. ती पहिल्यांदा जे म्हणाली होती तेच, अक्षर न् अक्षर तसेच, म्हटले: "वी ईट वीट." सर मान डोलावीत म्हणाले, "अगदी शुद्ध. ऐकताना कळते, कॉलेजातला कान आहे." कागद कोणत्या वाऱ्याने हलतो याची चौकशी त्यांनी पहिल्या दिवशीही केली नव्हती.

बाहेर ती लिंबाखाली माठातले पाणी पीत होती. मी विचारले, "सांगितले का नाहीस त्यांना?"

"सांगतलं असतं तं सर शहाने झाले असते," ती म्हणाली, "अन् मी डोंगरात गेली असती." उरलेले पाणी तिने तोंडावर मारले. थेंब हनुवटीवरून ओघळत असताना हलकेच म्हणाली, "नांदुऱ्याची गाडी किती वाजता हाये?"

दिवाळीनंतर मी एकदा नांदुऱ्याला उतरले आणि तिच्या शाळेत गेले. पाचवीचा तास चालला होता. मागे बसले. तिने हाताने घास तोंडाशी नेला आणि म्हणाली, "ईट. ईट म्हनजे खाने."

वर्गात खसखस पिकली. एकाने भिंतीकडे बोट दाखवले. "बाई, ईट कशी खाची? दात पडतीन ना!"

तोच पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. घट्ट वेण्या, खोबरेलाने चमकणारा भांग. ती तिचीच मुलगी होती, आणि शाळेत तिने आईला बाईच म्हणायचे असा घरात नियम होता. "बाई, ईट नाई, वीट म्हना. ईट गावंढय असते. तुमीच सांगतलं होतं उन्हायात."

सारा वर्ग बाईंकडे पाहू लागला.

"भितीत असन तं वीट," ती म्हणाली. "पोटात गेली तं ईट."

"मंग इंग्रज गावंढय बोलते?"

"हाव. त्याले बिचाऱ्याले पुन्याचे सर नाई भेटले. बस खाली."

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पाऊल पडताच मुलीने तिचा हात धरला आणि बाईची आई झाली. त्या वाटभर भांडत होत्या. घरी मुलीच्या आजीने चुलीवर तवा चढवला होता. रेशनचा तांबडा गहू. कणीक मळता मळेना, पोळी लाटावी तर रबरासारखी पुन्हा आखडे, आणि घासाला रोज सुटे तो गोणपाटाचा वास. म्हातारीने लाटणे आपटले.

"ईट आला वं बाई या गव्हाचा!"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. मुलीने तोंड उघडले. तिच्या ओठांवर तो शुद्ध 'व' गोल होऊन बसलेला मला दिसला. तिच्या आईने पोळीचा मोठा तुकडा मोडून त्या गोलात कोंबला.

"काऊन हासता?" म्हातारी म्हणाली. "खा मुकाट्यानं."

आम्ही मुकाट्याने गहू खाल्ला.